टेक चार

एरवी मी लग्नं करते.
म्हणजे लग्नांचे आवाज:
बँडमधून भटजी सोडवायचा,
मंगलाष्टकांतून जनरेटर.
भडगावात हे काम करणारी मी एकटीच,
म्हणून पुण्याच्या माणसांनी मला गाडीत घेतलं,
हातात बांबूएवढा माईक दिला
आणि म्हणाले, नदी रेकॉर्ड कर.

मे महिना. गिरणा म्हणजे
दोन काठ आणि मधे खरवडलेलं पातेलं.
खडक उघडा, शेवाळ्याचे वाळके पापुद्रे,
आणि टायरच्या नक्ष्या, एकीवर एक,
रांगोळीचा ठसा घेऊन कुणी रात्रभर फिरावं तशा.

सुपडू भोईंना चालायचं होतं.
उजवीकडून डावीकडे, फ्रेमभर, एकटं.
चपला काढायला सांगितल्या,
पाय चांगले दिसतात म्हणून.
पहिल्या टेकला मधेच बकरी आली.
दुसऱ्याला ते कॅमेऱ्याकडे बघून हसले.
तिसऱ्यात सगळं नीट होतं, फक्त
दिग्दर्शक म्हणाला, काका, जरा हळू. जरा खचल्यासारखं.
“कितलींदा चालू भो?
इतलामा ते जळगाव ई जातं.”

चौथ्या वेळी ते मधेच थांबले.
वाकले. खडकातल्या एका खळग्यावरून हात फिरवला,
लाइट गेल्यावर काडेपेटी चाचपावी तसा.
“आठे मन्हा डांगरना येल व्हता.
हाई वाळू नही व्हती भो, हाई मन्हं वावर व्हतं.”

दिवाळीनंतर पाणी मागे सरायचं,
उघड्या वाळूत खड्डे, खड्ड्यांत शेणखत, बी,
आणि होळी सरता सरता डांगरं, टरबुजं, काकड्या.
कुठल्याच सातबाऱ्यावर नसलेली शेती,
वर्षातले काही महिने नदीने उसनी दिलेली.

सबटायटलात आलं:
पूर्वी येथे शेती होती.

मग रूम टोन.
एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही,
जागेचा स्वतःचा आवाज घ्यायचा,
पुढे कापाकापीतल्या फटी बुजवायला.
हेडफोनमध्ये आधी माझंच रक्त.
मग बाभळीच्या शेंगा. मग टिटवी, पुष्कळ लांब.
आणि त्याच्याही खाली, वळणापलीकडे,
भरदुपारी
ट्रॅक्टर. एक नाही.
सुपडू भोईंनी हेडफोन मागून घेतला,
मिनिट संपलं तरी काढला नाही.
“हाऊच ते नदीना आवाज,” म्हणाले. “आते.”

घरी आल्यावर ट्रॅक्टर मीच काढला.
सवयीने. जनरेटर काढते तसा.
स्वच्छ मिनिट पाठवून दिलं.
पैसे वेळेवर आले.

फिल्म गावात दाखवली त्या रात्री
पडदा फाटका निघाला, म्हणून प्रोजेक्टर
नव्या समाजमंदिराच्या भिंतीकडे वळवला.
गिलावा झालेला, रंग बाकी.
लोक आपापली माणसं ओळखून ओरडत होते.
पहिल्या टेकमधली बकरी ठेवली होती, तिला टाळ्या.
मग सुपडू भोई आले, भिंतीएवढे, खचल्यासारखे,
आणि त्यांच्या पायाखालून माझी शांतता,
इतकी नितळ
की टिटवीसुद्धा खोटी वाटत होती.

खरे सुपडू भोई सतरंजीवरून उठले.
प्रकाशात गेले, सदऱ्यावर नदी आली.
भिंतीतल्या आपल्याच हाताशेजारी हात टेकवला,
नखाने गिलावा थोडा खरवडला,
आणि तळव्यावर जे पडलं ते
आमच्याकडे धरत म्हणाले,
“आठेच शे की.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, बाजूला व्हा, दिसत नाही.
मी माईक आणला नव्हता.

सध्या तिथी दाट आहेत.
परवा एका लग्नात मी जनरेटर राहू दिला,
पाचही मंगलाष्टकांच्या खाली, जसा होता तसा.
नवरीच्या वडिलांचा फोन आला,
आवाज खराब आलाय म्हणे.